‘कल्पना’: एका नावाची अवकाशातील नोंद

बंगळुरूचे पीण्या औद्योगिक क्षेत्र यंत्रांचे सुटे भाग बनविणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या (इस्रो) ‘इस्ट्रॅक’ या दूरमापन, मागोवा व नियंत्रण जाळ्याचे मुख्यालयही याच वसाहतीत आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी चांद्रयान-३ चा लँडर चंद्रावर उतरला, तेव्हा त्याचे नियंत्रण येथूनच होत होते. त्यानंतर काही वेळातच मोहिमेच्या सहयोगी प्रकल्प संचालक के. कल्पना यांनी याच कक्षातून मनोगत व्यक्त केले. २०१९ मध्ये चांद्रयान-२ च्या लँडरला आलेल्या अपयशानंतर हे यश मिळाले होते.

भारताच्या अंतराळ कार्यक्रमात हे नाव त्यापूर्वीच दाखल झाले होते. केवळ हवामान निरीक्षणासाठी बनविलेला भारताचा पहिला उपग्रह ‘मेटसॅट’ १२ सप्टेंबर २००२ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयानाच्या दुर्घटनेत कल्पना चावला व त्यांचे सहा सहकारी मृत्युमुखी पडले. त्यानंतर चारच दिवसांनी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी मेटसॅटचे ‘कल्पना-१’ असे नामकरण जाहीर केले. या मालिकेतील ‘कल्पना-२’ मात्र कधीच अवकाशात गेला नाही.

कर्नालच्या या मुलीला घरी ‘मोंटो’ म्हणत. शाळेत नाव घालताना सुचविलेल्या नावांतून ‘कल्पना’ हे तिने स्वतःच निवडले, असे सांगितले जाते. संस्कृतातील ‘क्लृप्’ या धातूत रचणे, जुळविणे हा अर्थ आहे. मनात चित्र उभे करणे हा त्याचाच विस्तार. अभियंत्याला पहिला अर्थ अधिक शोभतो, असे म्हणता येईल.

मराठीत बातमी लिहिताना हे नाव थोडे अडचणीचेही ठरते. ‘मला कल्पना नाही’ हे आपण दिवसातून कितीदा म्हणतो. त्यामुळे ‘कल्पनाने टिपलेले ढग’ असे लिहिले, तर ढगच काल्पनिक वाटू लागतात! शिवाय उपग्रह पुल्लिंगी आणि नाव स्त्रीलिंगी. ‘कल्पना-१ कक्षेत स्थिरावला’ असे लिहिणे व्याकरणास धरून असले, तरी कानाला खटकतेच.

पूर्वीच्या पिढीला या नावाने चितगाव उठावातील कल्पना दत्त आठवत. त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली होती व १९३९ मध्ये त्यांची सुटका झाली. हिंदी चित्रपटरसिकांना कल्पना कार्तिक आठवतात, तर ‘रुदाली’च्या दिग्दर्शिका कल्पना लाजमी समांतर चित्रपटाच्या प्रेक्षकांना.

खुद्द कर्नाटकात मात्र जुन्या प्रेक्षकांसमोर या नावाने आधी उभी राहते ती अभिनेत्री कल्पना. १९७९ मध्ये निधन पावलेल्या या अभिनेत्रीला कन्नड रसिकांनी ‘मिनुगु तारे’, म्हणजे लुकलुकणारी तारका, ही उपाधी दिली होती. तिचे मूळ नाव शरतलता. ‘कल्पना’ हे पडद्यावरचे.