काळ्या रानात फवाऱ्याचे काय होते?

महाराष्ट्रातल्या कपाशीवर बोंडअळीसाठी एंडोसल्फान हे एके काळी नेहमीचे औषध होते. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्पादन, विक्री आणि वापर देशभर थांबवला. पण त्याआधी जे जमिनीत मुरले, त्याचे पुढे काय होते? गंगाखेडच्या गोदाकाठी जशी काळी रानं आहेत, तशा मातीत उत्तर शोधायला उतरलं, तर एक विलक्षण कारखाना दिसतो.

एंडोसल्फानच्या रेणूत क्लोरीनचे सहा अणू आणि गंधकाचा एक दुवा असतो. काळी माती बहुधा विम्लधर्मी, सामू सातच्या वर. अशा ओलीत पाणी स्वतःच हा गंधकाचा दुवा तोडते आणि डायोल नावाचा बराच कमी विषारी पदार्थ उरतो. हे काम निव्वळ रसायनाचे, त्याला जीव लागत नाही.

जिवाणू आणि बुरशी मात्र बहुतेकदा वेगळी वाट धरतात. ते त्याच दुव्याला ऑक्सिजनचा आणखी एक अणू जोडतात. तयार होतो एंडोसल्फान सल्फेट, मूळ औषधाइतकाच विषारी आणि त्याहून चिवट. ‘विघटन झाले’ म्हणजे ‘विष संपले’ असे धरून चालता येत नाही, हे इथे पक्के कळते. तरी आशा आहे: प्रयोगशाळेत गंधकाला पारखे केलेले काही जिवाणू आपली गंधकाची गरज याच रेणूतून भागवतात, भूक भागवता भागवता विष मोडतात. पहिल्या पावसाचा मातीचा वास ज्यांच्यामुळे येतो, ते अ‍ॅक्टिनोमायसिट्सही या मोडतोडीच्या कामात असतात. तो वास म्हणजे जमीन जिवंत असल्याची खूणच.

मात्र हे औषध पाण्यात फारसे विरघळत नाही. मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसते. जोराच्या पावसात माती वाहते, तिच्याबरोबर तेही ओढ्यात आणि तिथून गोदावरीत उतरते. माशांना त्याची अगदी थोडी मात्राही जीवघेणी ठरते.

एंडोसल्फान गेले, फवारणी राहिली. म्हणून शेतकरी बांधवांनो, मातीतल्या या जिवांसाठी रानात शेणखत पडू द्या, बांध शाबूत ठेवा, आणि फवारणीचा पंप ओढ्यात किंवा नदीत कधीही धुऊ नका.