हृदयावरील मेद आणि विषाणुजन्य श्वसनविकारांची तीव्रता

सन २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हाच एक गोष्ट जगभरच्या चिकित्सकांच्या ध्यानात आली होती. अतिदक्षता विभागात दाखल होणाऱ्यांत स्थूल रुग्णांचे प्रमाण मोठे होते. मधुमेहादी सहविकार वेगळे काढून पाहिले तरी स्थौल्याचा संबंध उरतच होता. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीने तीच गोष्ट अधिक ठळकपणे दाखविली. यामागील कारणांचा विचार करताना हृदयावरील मेदाकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले. हा विषय आपल्या व्यवसायाशी निकटचा असल्याने त्याचा येथे परामर्श घेत आहे.

हृदयाचे स्नायू आणि त्यावरील आवरणाचा आतील पदर यांच्यामध्ये जो मेद असतो त्यास एपिकार्डिअल फॅट म्हणतात. प्राकृत अवस्थेत तो उपकारकच आहे. तो हृदयाला इंधन पुरवितो, हृद्धमन्यांना आधार देतो. मात्र त्याच्या आणि हृदयस्नायूच्या मध्ये कोणताही पडदा नाही, आणि दोहोंना रक्तपुरवठाही त्याच धमन्यांचा आहे. त्यामुळे हा मेद वाढून विकृत झाला की त्यातून स्रवणारी इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा यांसारखी शोथकारक द्रव्ये शेजारच्या स्नायूत थेट उतरतात. कोविडच्या विषाणूला पेशीत शिरण्यासाठी लागणारा एसीई-२ हा रिसेप्टर मेदधातूतही आढळतो. छातीच्या सीटी स्कॅनवर हा मेद मोजून केलेल्या अनेक अभ्यासांत मेदाचे प्रमाण किंवा त्यातील शोथाची चिन्हे आणि आजाराची तीव्रता यांचा संबंध दिसला. तथापि यांतील बरेच अभ्यास लहान व पूर्वलक्षी आहेत. उदरातील मेद वाढलेल्याच्या हृदयावरही बहुधा मेद वाढलेला असतो; तेव्हा दोष नेमका कोणत्या मेदाचा, हे त्यांवरून ठरत नाही. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे विसरून चालणार नाही.

इतर कारणे अधिक सरळ आहेत. उदरातील मेदामुळे मध्यपटल वर ढकलले जाते, फुप्फुसांचे तळभाग पुरेसे फुलत नाहीत आणि उताणे झोपल्यास ऑक्सिजन आणखी घटतो. निकाराग्वामधील २०१८ च्या एका अभ्यासात लक्षणे असलेल्या स्थूल प्रौढांच्या शरीरातून इन्फ्लुएन्झा-ए चा विषाणू इतरांपेक्षा ४२ टक्के अधिक काळ बाहेर पडत असल्याचे आढळले.

आपल्याकडे खरी फसगत होते ती वजनकाट्यामुळे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के! हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले, असा रुग्ण आपल्या नोंदवहीत ‘कृश’ म्हणून नोंदला जाणे सहज शक्य आहे. म्हणून ज्वर-कासाच्या प्रत्येक प्रौढ रुग्णाची कंबर मोजावी. शेवटची बरगडी आणि कटीचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडलेल्या स्थितीत टेप धरावी. पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठीची मर्यादा आहे.

एपिकार्डिअल फॅटचे वर्णन संहितांत शोधण्याचा अट्टहास मला पटत नाही. परंतु चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलाविषयी जे सांगितले आहे ते पुन्हा वाचण्याजोगे आहे. मेदाने मार्ग रुद्ध झाल्याने वायू कोष्ठात संचार करून अग्नी प्रदीप्त करतो. ते दोघे मिळून स्थूलाला वणव्याप्रमाणे जाळतात, आणि मेद अतिवृद्ध असता दारुण विकार अकस्मात उद्भवतात. दोन दिवस बरा दिसणारा स्थूल रुग्ण तिसऱ्या दिवशी धाप लागून कोसळतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या वर्णनाचे मर्म वेगळे सांगावयास नको.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की अशा रुग्णाबाबत थांबून पाहण्याची मुदत कमी ठेवावी. ऑक्सिमीटरवरील नोंद ९४ च्या खाली गेली, अथवा बसल्या जागी ठीक असून थोडे चालताच घसरू लागली, तर काढ्याची मात्रा वाढवीत न बसता रुग्ण तत्काळ रुग्णालयात पाठवावा. तीव्र ज्वरात मेदोहर चिकित्सा आरंभण्याचे प्रयोजन नाही. तीक्ष्ण शोधन तर नकोच. तिची वेळ बल परत आल्यावर. तेव्हा गुरू परंतु अतर्पण असा आहार, यव, आमलकी, मुस्ता, गुडूची, त्रिफळा आणि नित्य व्यायाम यांचा क्रम लावावा. वजन उतरले की हृदयावरील मेदही घटतो, असे आधुनिक मापनांत दिसले आहे.

औषधालयांच्या मालकांसाठी दोन गोष्टी. गुग्गुळामुळे डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल यांचे रक्तातील प्रमाण घटू शकते. म्हणून गुग्गुळाचा कल्प मागणाऱ्या हृद्रोग्याला चालू औषधे अवश्य विचारावीत. दुसरे, स्थौल्य आणि हृद्रोग हे दोन्ही १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत आहेत. ‘हृदयावरची चरबी वितळवा’ असा फलक दुकानावर लावणे या कायद्यात बसत नाही, मग उत्पादकाने तो छापून विनामूल्य पाठविलेला का असेना.