रशियाचं तेल आणि बनारसचा सिलिंडर

‘अहो, आपण आता रशियाचं तेल घेतो. होर्मुझ बंद होवो नाहीतर उघडी राहो, आपल्याला काय फरक पडतो?’

जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण बारा दिवस लढले, तेव्हा हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याची मोजदाद ठेवली नाही. ब्रह्माघाटावरच्या गुरुजींकडून ऐकलं. चहाच्या अडीवर ऐकलं; बनारसमध्ये रोजच्या गप्पांच्या ठिय्याला अडी म्हणतात आणि तिथे जगातला कुठलाही प्रश्न अनिर्णीत राहत नाही. पुण्याहून वडिलांच्या अस्थी घेऊन आलेल्या एका काकांकडूनही ऐकलं. पंचगंगा घाटाहून नावेत बसलो होतो. काका हे वाक्य ठणकावून म्हणाले, आणि ज्या नावेत बसून म्हणाले ती सीएनजीवर चालत होती. काठावर उतरल्यावर आम्ही कचोरी खाल्ली, ती निळ्या १९ किलोच्या सिलिंडरवर तळलेली. काकांनी तिथे तेच वाक्य पुन्हा ऐकवलं. सुतकातल्या माणसाशी वाद घालत नाहीत, म्हणून गप्प बसलो. आता लिहितो.

त्या वाक्यातलं जेवढं खरं आहे ते आधी मान्य करू. युक्रेन युद्धाच्या आधी रशियाचं तेल आपल्याकडे नावापुरतं येत होतं. २०२४-२५ मध्ये आयात कच्च्या तेलाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त तेल तिथून आलं. त्याच जूनमध्ये पेट्रोलियममंत्री हरदीपसिंग पुरी यांनी सांगितलं होतं की देशाला दिवसाला लागणाऱ्या सुमारे ५५ लाख बॅरलपैकी १५ ते २० लाख बॅरल होर्मुझमार्गे, म्हणजे इराणजवळच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या सामुद्रधुनीतून येतं, बाकीचं इतर वाटांनी. हे विधान खरं होतं. पण अडीवर पोचेपर्यंत त्यातले ‘१५ ते २० लाख’ गळून गेले आणि ‘इतर वाटांनी’ तेवढं उरलं. रोजच्या गरजेचा तिसरा हिस्सा म्हणजे ‘काय फरक पडतो’ असं म्हणण्याइतकी किरकोळ गोष्ट नव्हे.

शिवाय रशियाचं तेल काही आकाशातून पडत नाही. युरोपच्या बाजूचं तेल बाल्टिक समुद्रातल्या प्रिमोर्स्कहून किंवा काळ्या समुद्रातल्या नोवोरोसिस्कहून निघतं. भारताकडे यायची त्याची जवळची वाट सुएझ कालवा, तांबडा समुद्र आणि बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी अशी आहे. म्हणजे होर्मुझची भीती टाळायला निघालो आणि येमेनच्या हुथी बंडखोरांच्या दारावरून आलो. २६ जानेवारी २०२४ ला एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या टँकरवर हुथींचं क्षेपणास्त्र आदळलं आणि जहाज पेटलं. आग विझवायला आपल्या नौदलाची ‘आयएनएस विशाखापट्टणम’ धावली. जहाजावर २२ भारतीय खलाशी होते, आणि टाक्यांत रशियाचाच नाफ्था होता.

दुसरी गोष्ट भावाची. समजा, होर्मुझमधून भारतात एक थेंबही येत नाही. तरी भाव वाढणारच. पहाडियाच्या मंडीत बाहेरगावच्या टोमॅटोचे ट्रक अडकले, तर जवळच्या गावचा शेतकरी आपला टोमॅटो कालच्या भावाने देतो का? तो म्हणणार, आज बाजार चढलाय. रशियाही तेच म्हणणार. सवलत असेल ती त्या दिवशीच्या बाजारभावावर. १२ जूनला ब्रेंट तेल बॅरलला सत्तर डॉलरच्या आत होतं, २३ जूनला काही वेळ ऐंशीच्या वर गेलं आणि युद्धबंदी होताच पुन्हा सत्तरच्या खाली उतरलं. त्या बारा दिवसांत सामुद्रधुनी बंद झालीच नव्हती. इराणच्या संसदेने बंद करायच्या बाजूने कौल दिला होता, इतकंच. आपण वर्षाला सुमारे २४ कोटी टन कच्चं तेल आयात करतो, म्हणजे अंदाजे १७५ कोटी बॅरल. भाव वर्षभर दहा डॉलरने चढा राहिला, तर बिल साडेसतराशे कोटी डॉलरने वाढतं. रुपयांत हा आकडा लाख कोटीच्या पुढे जातो.

पण एवढं सांगूनही खरा मुद्दा राहतो. ‘तेल, तेल’ म्हणताना सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पेट्रोल पंप असतो. बनारसच्या सामान्य घरात आखात शिरतं ते स्वयंपाकघरातून.

स्वयंपाकाचा गॅस, म्हणजे एलपीजी. १ मे २०१६ ला इथून फार लांब नसलेल्या बलियामध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि तेव्हापासून दहा कोटींहून जास्त जोडण्या दिल्या गेल्या. गंगेपलीकडच्या गावांत पूर्वी गोवऱ्यांच्या धुरात डोळे चोळत स्वयंपाक व्हायचा. तिथे आज लाल सिलिंडर आहे. चांगलंच झालं. पण हा गॅस येतो कुठून? पेट्रोलियम मंत्रालयाच्या पीपीएसी या विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२४-२५ मध्ये देशाने ३ कोटी १० लाख टनांहून जास्त एलपीजी वापरला. त्यातला देशात तयार झाला सव्वा कोटी टनांच्या थोडा वर. बाकीचा, म्हणजे साठेक टक्के, परदेशी. आणि हा परदेशी गॅस बहुतेक सगळा अमिराती, कतार, सौदी आणि कुवेत या देशांतून, म्हणजे होर्मुझच्या आतल्या बाजूने आला. कच्च्या तेलात रशिया हा पर्याय आहे. सिलिंडरच्या बाबतीत तो नावालाही नाही. ‘आपल्याकडे रिफायनऱ्या आहेत, रशियाच्या तेलातून गॅस काढू’ असंही एकाने मला सुनावलं. एका बॅरलमधून निघणारा एलपीजी ठरावीकच असतो. रिफायनरीला थोडी ओढाताण करता येते, पण तुटीचे पावणेदोन-दोन कोटी टन त्यातून निघत नाहीत.

दुसरीकडून आणता येतो, आणि सरकारने तसं सुरूही केलंय. २०२६ सालासाठी अमेरिकेकडून २२ लाख टन एलपीजी घ्यायचा करार नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. हे आपल्या आयातीच्या जेमतेम दहा टक्के. आखातातून निघालेलं जहाज आठवड्याभरात आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागतं; अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरून यायला महिन्याहून जास्त लागतो. ऐन वेळी फोन करून मागवण्यातली ही वस्तू नाही.

इथे हमखास पुढचं वाक्य येतं : ‘पण आपल्याकडे ७४ दिवसांचा साठा आहे ना!’

आहे. सरकारनेच संसदेत सांगितलेला आकडा आहे. फक्त तो कच्च्या तेलाचा आणि पेट्रोल-डिझेलसारख्या मालाचा आहे. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि उडुपीजवळचं पादूर इथे खडकात कोरलेल्या गुहांमध्ये एकूण ५३ लाख ३० हजार टन कच्चं तेल मावतं. त्या काठोकाठ भरल्या तर देशाला साडेनऊ दिवस पुरतील. उरलेले साडेचौसष्ट दिवस तेल कंपन्यांच्या टाक्यांतले. एलपीजीच्या भूमिगत गुहा आहेत दोन : विशाखापट्टणमची ६० हजार टनांची आणि मंगळुरूची ८० हजार टनांची. देशाचा रोजचा खप आहे सुमारे ८५ हजार टन. भागाकार तुम्हीच करा. बंदरांवरच्या आणि बॉटलिंग प्लांटच्या टाक्यांत आणखी गॅस असतो हे खरं, पण तो आठवड्यांत मोजायचा असतो, महिन्यांत नाही.

आता काकांची नाव. नमो घाटावर, म्हणजे जुन्या खिडकिया घाटावर, पाण्यावर तरंगणारं सीएनजी केंद्र आहे. ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीने सामाजिक दायित्वाच्या निधीतून इथल्या नावांची डिझेल इंजिनं काढून सीएनजीची बसवली. धूर गेला, कानठळ्या गेल्या, नावाड्याचा इंधनाचा खर्चही उतरला. हा गॅस बनारसला आला ऊर्जा गंगा नावाच्या पाइपलाइनने. तिची पायाभरणी २४ ऑक्टोबर २०१६ ला याच शहरात झाली. ती अमेठी जिल्ह्यातल्या जगदीशपूरला गुजरातहून येणाऱ्या जुन्या वाहिनीला जोडलेली आहे, आणि त्या वाहिनीशी पश्चिमेकडे दहेज बंदर जोडलेलं आहे. दहेजला अतिथंड करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू उतरतो. तो मुख्यतः कतारच्या रास लाफानचा; पेट्रोनेट कंपनीचा वर्षाला ७५ लाख टनांचा करार आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो २०४८ पर्यंत वाढवून घेतला. सीएनजीसाठी देशी वायू आधी मिळतो, पण २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात स्वस्त देशी वायूच्या वाटपात कपात झाली आणि गॅस कंपन्यांना महाग वायू घेऊन तूट भरून काढावी लागली. पाइपात देशी-परदेशी वायू एकमेकांत मिसळलेला असतो, त्यामुळे काकांच्या नावेत नेमका किती कतारी होता हे कोणी सांगू शकणार नाही. होता, एवढं नक्की. आणि कतारच्या वायूला होर्मुझखेरीज समुद्राकडे जाणारा दुसरा रस्ता नाही. सौदीने तांबड्या समुद्रावरच्या यान्बूपर्यंत तेलवाहिनी टाकली आहे, अमिरातीने फुजैरापर्यंत. पण त्या कच्च्या तेलाच्या, आणि त्यांची जास्तीची क्षमता अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने दिवसाला २६ लाख बॅरल धरली आहे. होर्मुझमधून २०२४ मध्ये रोज सुमारे दोन कोटी बॅरल जात होतं, जगाच्या खपाचा पाचवा हिस्सा. त्यातल्या कच्च्या तेलाचा ८४ टक्के भाग आशियात आला. तेव्हा ‘होर्मुझ ही अमेरिकेची डोकेदुखी’ हे वाक्यही इथेच निकालात काढू.

‘बंद’ या शब्दाचाही एक घोळ आहे. लोकांना वाटतं, रेल्वे फाटकासारखं काहीतरी खाली येईल. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी ३३ किलोमीटर आहे, पण जहाजांनी यायची आणि जायची आखून दिलेली पट्टी प्रत्येकी साधारण तीन किलोमीटरचीच. फाटक नसलं तरी विमा आहे. समजा जहाज दहा कोटी डॉलरचं आहे. एका फेरीचा युद्धविमा किमतीच्या ०.२ टक्के असेल, तर दोन लाख डॉलर, तो ०.५ टक्के झाला की पाच लाख, तेही एका खेपेचे. मग मालक म्हणतो, चार दिवस थांबू. असे पन्नास मालक थांबले की एकही गोळी न झाडता वाट अडते. जून २०२५ मध्ये त्या भागात जहाजांच्या जीपीएसमध्ये व्यत्यय येत होता. १७ जूनला ओमानच्या आखातात ‘फ्रंट ईगल’ आणि ‘अडालिन’ हे दोन टँकर एकमेकांवर आदळले. याची उलट बाजूही सांगायला हवी. ऐंशीच्या दशकात इराण-इराक युद्धात शेकडो व्यापारी जहाजांवर हल्ले झाले, तरी तेलाची वाहतूक चालूच राहिली. त्यामुळे पहिली बातमी येताच ‘आता जग बुडालं’ म्हणणाऱ्यांचंही मला काही पटत नाही.

उरलेले गैरसमज एकेका श्वासात.

‘सिलिंडर महागला नाही, म्हणजे फटका बसला नाही.’ घरगुती सिलिंडरचा दर सरकार धरून ठेवतं आणि तोटा तेल कंपन्या सोसतात. तो भरून द्यायला मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये ३० हजार कोटी मंजूर केले. ते तुमच्याआमच्याच करातून जाणार. कचोरीवाल्याच्या निळ्या सिलिंडरला हे कवच नाही, त्याचा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हलतो, आणि या सगळ्या हिशेबाच्या बुडाशी सौदी अरामकोने दर महिन्याला जाहीर केलेला भाव असतो.

‘बॉम्बे हाय आहे की.’ १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या विहीर खोदणाऱ्या जहाजाने तिथे समुद्रात तेल शोधलं याचा अभिमान मलाही आहे, पण आज आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो.

‘तांबड्या समुद्राशी बनारसचा काय संबंध?’ शेजारच्या भदोहीत गालिचा निर्यात करणाऱ्याला विचारा. हुथींमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हा युरोपच्या वाटेला दहा-बारा दिवस जास्त लागू लागले, आणि कंटेनरचं भाडं कुठे गेलं ते तो सांगेल.

‘युद्ध लांब आहे.’ २३ डिसेंबर २०२३ ला सौदीहून मंगळुरूला निघालेल्या ‘केम प्लुटो’वर ड्रोन आदळला तो भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर; दुखापत घेऊन ते जहाज मुंबईत आलं.

‘नुकसान फक्त तेलाचं.’ आझमगढ-जौनपूरच्या कित्येक घरांची चूल आखातातून येणाऱ्या पैशांवर पेटते. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा तेल महागलं, ते पैसेही आटले आणि पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना तिथून आणावं लागलं. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं गहाण ठेवण्यासाठी लंडनला गेलं, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं.

एक विनंती करून थांबतो. पुढच्या वेळी होर्मुझचं नाव बातम्यांत आलं की सिलिंडर नोंदवायला धावू नका. तुमच्या घरी दोन सिलिंडर असतील आणि एक भरलेला असेल, तर तुमचे काही आठवडे निघतात. गंगेपलीकडे ज्या घरात एकच आहे, त्या घराचा नंबर तुमच्या मागे लागता कामा नये.