स्वतःचा सूर

कलावंताचा स्वतःचा सूर म्हणजे काय, या प्रश्नाचें उत्तर बहुधा ‘वेगळेपणा’ या एका शब्दांत दिलें जातें. तें उत्तर अपुरें आहे. वेगळेपणा ओढूनताणूनही आणतां येतो. सूर मात्र मुरावा लागतो. हा भेद समजण्यास वऱ्हाडांतील एका कवीचें उदाहरण उपयोगी पडेल.

बुलढाणा जिल्ह्यांतील हिवरा आश्रम हें गांव विवेकानंद आश्रमामुळें पुष्कळांस ठाऊक आहे. तें ज्या तालुक्यांत येतें, त्या मेहकर येथें ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांनीं वकिली केली आणि तेथेंच राहून काव्यलेखन केलें. त्यांच्या तारुण्यांत नव्या कवितेचा बोलबाला पुण्याकडे होता. १९२३ सालीं स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे कवि आपल्या कविता गाऊन दाखवीत. माधव जूलियन फारसी वळणाची गज्जल मराठींत रुजवीत होते. होतकरू कवीला त्या मळलेल्या वाटेनें जाणें सोपें होतें.

देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेंत मात्र रान आहे, आणि तिची बोली खेड्यांतील स्त्रीच्या तोंडीं शोभणारी आहे. जी. एन. जोशी यांनीं ती गाइली, तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि १९३० नंतरच्या दशकांत ती घरोघरीं पोंचली. मराठी भावगीताच्या आरंभकाळांत तिचें स्थान मोलाचें आहे.

खरी कसोटी अशा यशानंतर सुरू होते. एकदां आवडलेला सूर लोक पुनःपुन्हां मागतात, आणि कलावंत नकळत आपलाच प्रतिध्वनि होऊन बसतो. दुसऱ्याचें अनुकरण टीकाकाराच्या ध्यानीं येतें. स्वतःचें अनुकरण पुष्कळदां करणाऱ्याच्याही ध्यानीं येत नाहीं. देशपांडे यांची उपजीविका वकिलीवर होती. मागणीबरहुकूम लिहिण्याची सक्ति त्यांच्या कवितेवर नव्हती. ‘शीळ’ हा त्यांचा पहिला संग्रह १९५४ सालीं निघाला, तेव्हां वय पंचेचाळिशीच्या घरांत होतें. ‘अभिसार’ १९६३ सालीं आला, आणि ‘खूणगाठी’ त्यानंतर तब्बल २२ वर्षांनीं, १९८५ सालीं. त्यांत गीताची मोहिनी ओसरून चिंतनाचा स्वर पुढें आला होता. याच संग्रहास १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. उतारवयांतील ‘कंचनीचा महाल’ या पुस्तकालाही नांव मिळालें तें मेहकरच्याच एका जुन्या वास्तूचें.

म्हणून नवोदितानें पहिल्या लेखनांत गुरूची छाया दिसली तर खचूं नये. ती सर्वांच्याच लेखनांत असते. आपल्या कानांवर रोज पडणारी बोली, ओळखीचा परिसर आणि अंतरींचा अनुभव यांच्या सहवासांत ती छाया हळूहळू विरते. त्याला वर्षें लागतात. तेवढा अवकाश स्वतःला देणें, आणि टाळ्या मिळाल्यावरही पुढचें पाऊल टाकीत राहणें, एवढें कलावंताच्या हातीं असतें.