कथील गेले, गाव राहिले

कल्हईवाला भांडे तापवतो, त्यात नवसागराची चिमूट टाकतो, एक पांढरी चकचकीत कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने ती चमक भांडेभर पसरवतो. ती कांडी कथलाची. कथील अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून रस्त्याकडेच्या भात्यावरही हे काम भागते. ‘कल्हई’ हा शब्द आपल्याकडे मूळ अरबीतून आला. त्या अरबी शब्दाचे नाते मलायाच्या बाजूच्या ‘कलाह’ या जुन्या बंदराशी अनेक विद्वान जोडतात. म्हणजे धातूप्रमाणेच त्याच्या नावाचा मागही पूर्वेच्या समुद्राकडे जातो. त्या समुद्रातल्या एका बेटावर गांतुंग नावाचे गाव आहे. कथलाचे काम बंद पडल्यावर त्या गावाचे काय झाले, ते आज पाहू.

हे बेट म्हणजे इंडोनेशियातले बेलितुंग. सुमात्रा आणि बोर्निओ यांच्यामधल्या समुद्रात ते वसले आहे. क्षेत्रफळ सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याहून काहीसे मोठे. गांतुंग त्याच्या पूर्व भागात, लेंगांग नदीकाठी आहे. वस्ती मुख्यतः मलय लोकांची. त्यांच्या जोडीला खाणकामासाठी चीनमधून आलेल्या हक्का मजुरांचे वंशज.

आता हे कथील मिळते कसे? बेटाच्या पोटात ग्रॅनाइटचा खडक आहे. त्या खडकातले कथलाचे खनिज ऊनपावसाने सुटे होते आणि नद्यांच्या गाळात जाऊन बसते. हे खनिज पाण्याच्या जवळजवळ सातपट जड, तर साधी वाळू अडीचपटीहून थोडी जास्त. सुपात धान्य पाखडताना हलके उडते आणि जड मागे राहते ना, तसाच हा प्रकार. फक्त वाऱ्याच्या जागी पाणी. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जमीन फोडायची, चिखल पंपाने उपसून लांब लाकडी पन्हळीत सोडायचा. खनिज तळाशी बसते, बाकी सारे वाहून जाते. जिथे पाणी साठवता येई तिथे मोठी तरती यंत्रे नदीचा तळच खरवडून काढीत. या यंत्रांना पुरेसे पाणी मिळावे म्हणून डचांनी १९३० नंतरच्या दशकात गांतुंगजवळ लेंगांग नदीवर पिचे नावाचा बंधारा घातला.

पण जे ‘बाकी सारे’ वाहून जाते, तेच शेतकऱ्याचे धन असते! वरची काळी माती, पालापाचोळ्याचे खत, चिकण कण, सगळे धुपून जाते. मागे राहते धुतलेली पांढरी वाळू. ती उन्हात तापते, पाणी धरत नाही आणि तिच्यात रोपटे सहजी रुजत नाही. शेजारी खड्डा पडतो, तो पावसाने भरतो. अशा तळ्याला तिथले लोक ‘कोलोंग’ म्हणतात. विमानातून ही निळी-हिरवी तळी मोठी सुंदर दिसतात. पण नव्या कोलोंगचे पाणी पुष्कळदा आंबट असते, त्यात धातूंचे अंश असतात. ते निवळायला वर्षानुवर्षे लागतात.

हा उद्योग उभा राहिला तो असा. १८५१ मध्ये डचांनी बेटावर कथलाचा शोध घेतला आणि १८६० मध्ये त्यासाठी कंपनी स्थापन झाली. डच लोक बेटाला ‘बिलिटन’ म्हणत. तेच कंपनीचे नाव पडले. पुढे २००१ साली एका ऑस्ट्रेलियन कंपनीशी एकत्र होऊन ती जगातल्या सर्वांत मोठ्या खाण कंपन्यांपैकी एक झाली. त्या जोडनावातून ‘बिलिटन’ हा शब्द २०१८ मध्ये गळाला. बेटावरच्या खाणी मात्र त्याआधीच, १९५८ च्या सुमारास, इंडोनेशियाच्या सरकारने ताब्यात घेतल्या होत्या.

मालक बदलला, पण कुंपण तेच राहिले. कुंपणाच्या आत पक्की घरे, वीज, दवाखाना, चांगली शाळा. बाहेर लाकडी घरे आणि रोजंदारी. गांतुंगचेच सुपुत्र अंद्रेआ हिराता यांनी हे चित्र ‘लास्कार पेलांगी’, म्हणजे ‘इंद्रधनुष्याची फौज’, या २००५ सालच्या कादंबरीत रेखाटले आहे. गावातली एक मोडकळीस आलेली शाळा. निदान दहा मुले आली नाहीत तर ती बंद होणार. नऊ येतात, सगळ्यांचे डोळे वाटेकडे लागतात, आणि शेवटी दहावा मुलगा येतो. शाळा वाचते.

खाण मात्र वाचली नाही. आणि कारण काय, तर कथील संपले असे नव्हे! कथलाचा भाव स्थिर राहावा म्हणून एक आंतरराष्ट्रीय मंडळ होते. भाव पडला की ते कथील विकत घेई, चढला की विकी. पण डबे-बाटल्यांच्या धंद्यात ॲल्युमिनियम शिरले, ब्राझीलमधून नवे कथील बाजारात आले, आणि विकत घेऊन घेऊन मंडळाची तिजोरी रिकामी झाली. १९८५ च्या ऑक्टोबरात लंडनच्या धातू बाजारात कथलाचे व्यवहार थांबले. भाव कोसळून निम्म्यावर आला. पुढच्या काही वर्षांत सरकारी कंपनीने हजारो कामगार कमी केले आणि बेलितुंगवरचे आपले काम आवरते घेतले. निर्णय झाला लंडनच्या बाजारात. चूल विझली गांतुंगमध्ये.

मग लोक कशाकडे वळले? काही मासेमारीकडे, काही मिरीकडे. तिथली पांढरी मिरी पूर्वीपासून नावाजलेली. पिकलेले दाणे आठवडाभर पाण्यात भिजवून, साल काढून ती तयार करतात. पण मिरीचा वेल धरायला तीनेक वर्षे लागतात, आणि पोट तर रोज मागते. त्यातच १९९९ नंतर कथलावरचे सरकारी निर्बंध ढिले झाले. मग लोकांनी लहान पंप आणले आणि जुन्याच खड्ड्यांच्या कडा पुन्हा फोडायला घेतल्या. कडा ढासळून माणसे गाडली गेली, नद्या गाळाने भरल्या. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे हो; पण संध्याकाळी हातात पैसे देणारे काम एका बाजूला आणि तीन वर्षांनी देणारा वेल दुसऱ्या बाजूला, अशा वेळी कर्जात बुडालेला माणूस काय निवडील?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कादंबरीवर २००८ मध्ये चित्रपट निघाला, तो फार गाजला. चित्रपटातल्यासारखी उभारलेली ती लाकडी शाळा पाहायला प्रवासी गांतुंगला येऊ लागले. घरगुती खाणावळी निघाल्या, राहायच्या सोयी झाल्या. २०२१ मध्ये युनेस्कोने बेलितुंगला जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला. त्यात नाम सालू नावाची एक जुनी उघडी खाणही प्रेक्षणीय स्थळ म्हणून आहे. हे चांगलेच आहे. पण प्रवाशांचा ओघही बाहेरूनच येतो. तो आटला, तर गाव पुन्हा वाटेकडे डोळे लावून बसणार.

म्हणून खरा प्रश्न खाण बंद पडल्यानंतरचा नाही, खाण चालू असतानाचा आहे. वरची माती अगोदर बाजूला काढून ठेवायची, काम संपले की पुन्हा पसरायची, आणि त्या खर्चाची रक्कम खाणवाल्याने आधीच अनामत ठेवायची. इंडोनेशियाने २००९ च्या खाण कायद्याने आणि त्यानंतरच्या नियमांनी ही सक्ती केली. गांतुंगचे जुने कोलोंग त्याच्या किती तरी आधीचे. त्यांची माती केव्हाच समुद्राला मिळाली.

गाव मात्र आहे. लेंगांगच्या काठी मिरीचे वेल आहेत, वाळूत झाडे लावून पाहणारी माणसे आहेत, आणि दहाव्या मुलाची गोष्ट ऐकत वाढलेली मुले आहेत. त्यांच्यापुढे उद्या कोणी नव्या खाणीचा कागद ठेवला, तर त्यांनी एवढेच विचारावे: बाबांनो, आमची माती कुठे ठेवणार, ते आधी दाखवा.