सहानुभूतिक नेत्रशोथ : निदान, उपचार आणि जखमी डोळ्याचा प्रश्न

एका डोळ्यास भेदक इजा व्हावी आणि काही आठवड्यांनी, ज्यास कशाचाही धक्का लागलेला नाही असा दुसरा डोळा शोथाने ग्रासला जावा, ही घटना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु नेत्रवैद्यकात ती फार पूर्वीपासून परिचित आहे. पॅरिसजवळील कूव्रे या गावी १८०९ साली जन्मलेला लुई ब्रेल हा बालक १८१२ मध्ये वडिलांच्या खोगिरे तयार करण्याच्या कार्यशाळेत खेळत असता त्याच्या एका डोळ्यात आरी घुसली. तो डोळा तर गेलाच. पण पुढे दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी गेली आणि वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत तो पूर्ण अंध झाला. अंधांसाठी उठावाच्या ठिपक्यांची लिपी निर्माण करणाऱ्या या पुरुषाचे अंधत्व सहानुभूतिक नेत्रशोथामुळेच आले असावे, असे आज बहुतेक नेत्रतज्ज्ञ मानतात.

हा रोग अत्यंत विरळ आहे. ब्रिटन व आयर्लंड येथील पाहणीचे जे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार त्याचे प्रमाण वर्षाला एक कोटी लोकसंख्येमागे सुमारे तीन रोगी इतके अल्प आढळले. मग अशा रोगाचा स्वतंत्र विचार कशासाठी करावयाचा? याचे उत्तर असे की, येथे पणास लागलेला असतो तो रोग्याचा उरलेला एकमेव डोळा. निदानास झालेला आठवड्याचा विलंबही आयुष्यभराचे अंधत्व ठरू शकतो. उलट वेळीच केलेल्या उपचाराने दृष्टी टिकविता येते. प्रस्तुत लेखात या रोगाची कारणमीमांसा, निदान व उपचार यांचा परामर्श घेण्याचे योजिले आहे.

कारणमीमांसा

या रोगाचे सुस्पष्ट वर्णन ग्लासगो येथील विल्यम मॅकेन्झी याने १८३० साली केले. जखमी डोळ्यातील शोथ दृष्टितंत्रिकेच्या मार्गाने दुसऱ्या डोळ्यात पोहोचत असावा, अशी त्याची कल्पना होती. १९०५ मध्ये अर्न्स्ट फुक्स याने रोगग्रस्त डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षणावरून हा शोथ इतर शोथांहून वेगळा असल्याचे दाखविले. नेत्रगोलाच्या मध्यपटलात, म्हणजे परितारिका, रोमक पिंड व रंजितपटल यांनी बनलेल्या रंगद्रव्ययुक्त थरात, लसीका पेशींची दाट गर्दी होते आणि त्यांच्यामध्ये एपिथेलिऑइड व महापेशींचे पुंजके दिसतात. रंजितपटल व जालपटल यांच्या सीमेवर आढळणाऱ्या लहान पिवळट गाठी आजही डालेन व फुक्स यांच्या नावाने ओळखल्या जातात. विशेष हे की, हे सर्व बदल दोन्ही डोळ्यांत सारखेच असतात.

हा शोथ जंतूंमुळे होत नसून शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे होतो, हा विचार आन्टोन एल्श्निग याने १९१० मध्ये मांडला. पुढील संशोधनाने त्यास तपशिलात भर घातली असली तरी त्याचा गाभा कायम राहिला आहे. नेत्रगोलाच्या आतील भागात लसीकावाहिन्या नसतात. त्यामुळे तेथील प्रथिनांचा प्रतिकारयंत्रणेशी सहसा परिचय होत नाही. भेदक जखमेतून मध्यपटलाचा अंश बाहेर आला, की ती प्रथिने नेत्रश्लेष्मलेतील लसीकावाहिन्यांच्या मार्गे लसीकाग्रंथींपर्यंत पोहोचतात. तेथे टी-लसीका पेशी रंगद्रव्य पेशींतील प्रथिनांना परके समजून सज्ज होतात आणि रक्तावाटे फिरत दोन्ही डोळ्यांवर चाल करतात. अशा सर्वच जखमींना हा रोग का होत नाही, याचे अंशतः उत्तर आनुवंशिक घडणीत आहे. एचएलए-डीआर४ या ऊतक-प्रकाराशी त्याचा संबंध अनेक देशांत आढळला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पूर्वी अपघाती जखम हेच याचे प्रमुख कारण समजले जाई. आता डोळ्याच्या अंतर्भागातील शस्त्रक्रिया, विशेषतः जालपटल व काचाभ द्रव यांवरील पुनःपुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया, हेही महत्त्वाचे कारण ठरले आहे. आपल्याकडे मात्र अपघातांचे महत्त्व कमी झालेले नाही. विटीदांडूतील विटी, बाभळीचा काटा, छिन्नीवर घाव घालताना उडालेली लोखंडाची कपची, दिवाळीतील फटाका या साऱ्यांनी होणाऱ्या जखमा नेत्ररुग्णालयांना अपरिचित नाहीत.

लक्षणे

जखम आणि दुसऱ्या डोळ्यातील शोथ यांमधील काळ फार बदलता असतो. दोन आठवड्यांच्या आत रोग क्वचितच दिसतो. बहुसंख्य रोग्यांत तो दोन आठवडे ते तीन महिने या काळात उद्‌भवतो आणि सुमारे नव्वद टक्के रोगी एका वर्षाच्या आत येतात. तथापि कित्येक दशकांनंतर रोग प्रकट झाल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून ‘जखम फार जुनी आहे’ एवढ्यावरून हे निदान बाद करता येत नाही.

आरंभीची तक्रार अनेकदा क्षुल्लक वाटते. जवळचे वाचताना अक्षरे नीट लागत नाहीत, उजेड सहन होत नाही, डोळा किंचित लाल होतो, दृष्टीपुढे ठिपके तरंगतात. रोमक पिंडास सूज आल्याने भिंगाची जुळवून घेण्याची शक्ती घटते. वाचनातील अडचण हे त्याचेच फळ होय. याच सुमारास जखमी डोळ्याचा शोथही पुन्हा वाढतो. पुढे स्वच्छमंडलाच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, मागील पृष्ठावर मेंढीच्या चरबीसारखे मोठे, मेणचट ठिपके बसतात, परितारिका भिंगास चिकटू लागते, दृष्टितंत्रिकेचे शीर्ष सुजते आणि जालपटलाखाली द्रव साचून ते जागोजागी उचलले जाते. उपचार न झाल्यास मोतीबिंदू, काचबिंदू, रंजितपटलाचा क्षय आणि अखेर अंधत्व असा क्रम असतो.

निदान

हे निदान निश्चित करणारी एकही रक्तचाचणी नाही. निदान उभे राहते ते पूर्ववृत्त व प्रत्यक्ष परीक्षण यांवर. दोन्ही डोळ्यांत मध्यपटलाचा शोथ असलेल्या प्रत्येक रोग्यास ‘यापूर्वी कोणत्याही डोळ्यास जखम झाली होती काय किंवा शस्त्रक्रिया झाली होती काय?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. बालपणीची जखम रोगी विसरलेला असतो. म्हणून वडीलधाऱ्यांना विचारावे आणि स्लिट लॅम्पखाली जुन्या व्रणाचा शोध घ्यावा.

साहाय्यक तपासण्यांत फ्लुओरेसीन अँजिओग्राफी महत्त्वाची आहे. तीत प्रारंभी टाचणीच्या टोकाएवढे अनेक गळतीचे बिंदू दिसतात व नंतर जालपटलाखालील पोकळीत रंग साचतो. ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफीने जालपटलाखालील द्रव व रंजितपटलाची वाढलेली जाडी मोजता येते. उपचारास मिळणारा प्रतिसाद पाहण्यासही ती उपयोगी पडते. भिंग अपारदर्शक झाल्यामुळे आतील भाग दिसत नसेल, तर ध्वनिलहरींच्या परीक्षणाने रंजितपटलाची जाडी कळते.

व्यवच्छेदक निदानात प्रथम विचार करावयाचा तो व्होग्ट-कोयानागी-हाराडा रोगाचा. व्होग्ट याने १९०६ मध्ये, हाराडा याने १९२६ मध्ये आणि कोयानागी याने १९२९ मध्ये केलेल्या वर्णनांतून हे नाव सिद्ध झाले. नेत्रांतर्गत चित्र इतके सारखे असते, की केवळ डोळा पाहून दोहोंतील भेद करणे दुष्कर होते. परंतु तेथे जखमेचे वा शस्त्रक्रियेचे पूर्ववृत्त नसते; २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकषांत ही अटच घातलेली आहे. शिवाय डोकेदुखी, कानांत गुणगुणणे, बहिरेपणा आणि पुढे कोड, पापण्यांचे केस पांढरे होणे ही लक्षणे त्या रोगात अधिक आढळतात. त्वचा, अंतर्कर्ण व मेंदूची आवरणे येथेही रंगद्रव्य पेशी असतात, हे त्याचे कारण होय.

आपल्या देशात याहूनही सावधपणे वगळावयाचा तो क्षयरोग. क्षयजन्य मध्यपटलशोथही ग्रॅन्युलोमाच्या स्वरूपाचा असू शकतो. म्हणून छातीचे क्ष-किरण चित्र, मँटू चाचणी किंवा इंटरफेरॉन-गॅमा चाचणी आणि उपदंशासाठी रक्तपरीक्षा यांशिवाय प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांस हात घालणे धोक्याचे आहे. सार्कॉइडोसिस व भिंगातील प्रथिनांमुळे होणारा शोथ यांचाही विचार करावा.

उपचार

१९५० नंतर कॉर्टिसोन वापरात आले आणि या रोगाचे भवितव्यच पालटले. आजही कॉर्टिकोस्टेरॉइड हाच उपचाराचा पाया आहे. सामान्यतः प्रेडनिसोलोन शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास रोज १ ते १.५ मिलिग्रॅम या मात्रेने सुरू करतात. शोथ तीव्र असल्यास आरंभी तीन दिवस मेथिलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम शिरेवाटे देतात. जोडीला स्टेरॉइडचे थेंब व बाहुली विस्फारणारे थेंब असतात. बाहुली विस्फारलेली राहिल्याने परितारिका भिंगास चिकटत नाही.

उपचारातील सर्वांत सामान्य चूक म्हणजे मात्रा लवकर उतरविणे. दृष्टी सुधारताच रोगी औषध सोडतो व काही आठवड्यांत शोथ उलटतो. मात्रा अनेक महिने हळूहळू उतरवावी लागते. दुसरीकडे दीर्घकाळ स्टेरॉइड दिल्याने मधुमेह, रक्तदाबवृद्धी, हाडांचा ठिसूळपणा, मुलांची खुंटलेली वाढ आणि डोळ्यातच मोतीबिंदू व काचबिंदू असे उपद्रव होतात. या पेचातून मार्ग काढण्यासाठी अॅझाथायोप्रिन, मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट, सायक्लोस्पोरिन इत्यादी औषधांची लवकरच जोड देण्याची प्रथा रूढ झाली आहे. असंसर्गजन्य मध्यपटलशोथात मेथोट्रेक्सेट व मायकोफेनोलेट यांची तुलना करणारा एक बहुराष्ट्रीय प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतीय केंद्रांचा मोठा वाटा होता. अधिक महाग असलेले मायकोफेनोलेट त्यात सरस ठरले नाही. आपल्या रोग्यांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती चुकून रोज घेतल्यास प्राणघातक ठरू शकते. म्हणून औषधपत्रावर वार ठळकपणे लिहावा. रक्तपेशी व यकृत यांची नियमित तपासणी करावी, आणि ही दोन्ही औषधे गर्भास घातक असल्याने स्त्री-रोग्यांना तशी स्पष्ट सूचना द्यावी. एवढ्यानेही शोथ न आवरल्यास अॅडालिमुमॅबसारखी जैविक औषधे उपलब्ध आहेत. मात्र त्यांनी सुप्त क्षयरोग जागा होण्याचा संभव असतो.

जखमी डोळ्याचा प्रश्न

सर्वांत कठीण निर्णय शोथापूर्वीचा असतो. जखमेनंतर सुमारे दोन आठवड्यांच्या आत जखमी डोळा काढून टाकल्यास रोग टळतो, अशी जुनी शिकवण आहे. परंतु तिचा अर्थ प्रत्येक फुटलेला डोळा काढावा, असा नव्हे. रोगाचे प्रमाण इतके अल्प आहे, की तसे केल्यास एक डोळा वाचविण्यासाठी शेकडो डोळे व्यर्थ गमवावे लागतील. म्हणून प्रथम जखम काळजीपूर्वक शिवावी. दोन आठवड्यांची ही मुदत विचार करण्यासाठी मिळालेली सवड समजावी. डोळ्यास प्रकाशाचीही जाणीव उरलेली नाही आणि त्याची रचना सुधारण्यापलीकडे गेली आहे, अशी खात्री झाल्यावरच तो काढण्याचा विचार रोग्यापुढे मांडावा. नेत्रगोल संपूर्ण काढावा की केवळ आतील भाग काढून श्वेतपटल ठेवावे, याविषयी मतभेद आहेत. दुसऱ्या पद्धतीत रंगद्रव्ययुक्त ऊतकाचे अंश मागे राहण्याची भीती असते. तथापि तिच्यानंतरही हा रोग क्वचितच आढळला आहे.

एकदा दुसऱ्या डोळ्यात शोथ सुरू झाला, की मग जखमी डोळा काढल्याने निश्चित लाभ होतो असे सिद्ध झालेले नाही. उलट कित्येकदा अखेरीस त्याच डोळ्यात अधिक दृष्टी उरते. म्हणून दृष्टीची काही आशा असलेला डोळा या अवस्थेत काढू नये.

उपसंहार

समजा, काटा लागून डोळा गमावलेला एखादा शेतकरी जखम भरल्यावर गावी परतला. सहा आठवड्यांनी चांगल्या डोळ्यास उजेड सहन होईना, तेव्हा ‘डोळे आले असतील’ असे समजून तो घरगुती उपचार करील, आणि मौल्यवान काळ निघून जाईल. या ठिकाणी कोणतेही नवे औषध उपयोगी पडणार नाही, उपयोगी पडेल ती रुग्णालयातून निरोप देताना त्याला व त्याच्या घरच्यांना साध्या मराठीत दिलेली एक सूचना : ‘चांगला डोळा लाल झाला, उजेड टोचू लागला किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी या, मग जखमेस कितीही वर्षे झालेली असोत.’ ही सूचना प्रत्येक भेदक जखमेच्या कागदपत्रांवर लिहिली जाणे आणि तोंडी समजावून सांगितली जाणे, हा या रोगाच्या उपचाराचाच पहिला भाग समजला पाहिजे.