पाणी धरून ठेवणारे जाळे

सब्जाचे बी पाण्यात टाकले म्हणजे थोड्याच वेळात त्याच्याभोवती बुळबुळीत, पारदर्शक वलय जमते. ते नुसते पाणी असते, तर ओघळून गेले असते. बियांच्या सालीतील साखळीसारखे लांबच लांब रेणू पाण्याला आपल्या विळख्यात धरून ठेवतात. अशा रेणूंना बहुवारिक म्हणतात. आणि पाणी शोषून फुगलेल्या त्यांच्या जाळ्यास हायड्रोजेल हे नाव आहे.

जाळे बनण्यास साखळ्यांना पाण्याची ओढ हवी, आणि त्या एकमेकींस जागोजाग बांधलेल्याही हव्यात. ओढ असून गाठी नसल्या, तर साखळ्या बहुधा पाण्यात विरघळून जातात. गाठी विरळ असल्या तर जाळे पुष्कळ फुगते व मऊ राहते. दाट असल्या तर ते थोडेच फुगते आणि ताठ होते. कोळ्याच्या जाळ्याची उपमा येथे अपुरी पडते. कारण हे जाळे पाण्याबरोबर स्वतःही ताणले जाते.

पूर्वी डोळ्यात बसवावयाची भिंगे पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट ह्या काचेसारख्या टणक प्लॅस्टिकची असत व ती डोळ्यास खुपत. प्राग येथील ओटो विख्टरले व द्राहोस्लाव्ह लीम ह्या रसायनज्ञांनी साखळीचा कणा तोच ठेवला. मात्र तिच्या कडेस लोंबणाऱ्या मिथिल गटाच्या जागी हायड्रॉक्सिएथिल गट असलेला पदार्थ योजिला. बदल एवढासाच, परंतु ह्या गटाच्या टोकाचा हायड्रॉक्सिल पाण्याशी सख्य जोडतो. दोन्ही टोकांनी साखळ्यांस जोडणाऱ्या दुसऱ्या एका रेणूचा अल्प अंश मिसळून गाठीही साधल्या. कोरडा असता हा पदार्थ कठीण असतो. भिजला म्हणजे वजनाच्या सुमारे ३८ टक्के पाणी धरतो आणि मऊ होतो. हे संशोधन १९६० साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

साच्यातून काढताना भिंगांच्या कडा मात्र फाटत. सरकारी खात्याने ह्या कामाचा पाठिंबा काढून घेतला. तेव्हा १९६१ च्या नाताळात विख्टरले ह्यांनी घरीच, मुलांच्या ‘मर्कूर’ खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून एक यंत्र रचिले. फिरत्या साच्यात द्रव कडेकडे चढे, आणि त्याच स्थितीत घट्ट होऊन गुळगुळीत कडेचे भिंग तयार होई. अमेरिकेत १९७१ साली अशा भिंगांस मान्यता मिळाली.

एक अडचण राहिलीच. बुबुळावरील पारदर्शक पटलात रक्तवाहिन्या नसतात. त्यास प्राणवायू मुख्यतः हवेतून मिळतो, आणि भिंगातून तो पाण्याच्या वाटेने जातो. पाणी वाढवावे, तर भिंग दुबळे होऊन फाटते. म्हणून पुढे प्राणवायूस सहज वाट देणारे सिलिकॉनयुक्त घटक साखळीत गुंफण्यात आले. तशी भिंगे १९९९ च्या सुमारास बाजारात आली.